उसाला जागा नसलेलं पुस्तक

आमच्या शाळेत चित्रांच्या पुस्तकांची पेटी आली तेव्हा मला आधी राग आला, आनंद नंतर झाला. पेटीबरोबर सूचना होती की मुलांच्या हातात पुस्तकं देऊन, मुलं हसत असताना फोटो काढावेत आणि ग्रुपवर टाकावेत. पुस्तकं वाचावीत अशी सूचना कुठेच नव्हती. मी फोटो काढले, टाकले, आणि मग दार लावून घेऊन पेटी आमच्यासाठी उघडली.

मी राहते कोल्हापुरात आणि शिकवते मुरगूडच्या अलीकडच्या एका खेड्यात. तिसरीचा वर्ग माझ्याकडे आहे. रोज स्कूटरवरून जाते, आणि दिवाळीनंतर रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या सुरू झाल्या की त्यांच्या मागे मागे, तोंडाला ओढणी बांधून, जीव मुठीत धरून जाते. सांगायचा मुद्दा असा की आमच्या शाळेच्या चारी बाजूंना ऊस आहे. खिडकीतून बाहेर बघितलं तर ऊस, पोरं पाणी प्यायला हौदावर गेली तर पलीकडे ऊस. हंगाम सुरू झाला की पोरांच्या दप्तरातूनही उसाची कांडी निघतात.

पेटीतलं सगळ्यात देखणं पुस्तक होतं प्राण्यांच्या घरांचं. जाड पुठ्ठ्याची पानं. एक पान जंगलाचं, एक गवताळ माळाचं, एक वाळवंटाचं, एक समुद्राचं, एक बर्फाचं. शेवटी एक पाकीट, त्यात प्राण्यांची सुटी चित्रं. चित्राच्या पाठीला चिकट लावलेलं. उंट उचलायचा आणि वाळवंटात लावायचा, मासा उचलायचा आणि समुद्रात लावायचा. जो जिथे राहतो त्याला तिथे लावायचं, एवढाच खेळ.

मी पाकीट जमिनीवर रिकामं केलं आणि पोरांना म्हटलं, लावा.

उंट वाळवंटात गेला. सिंह बराच वेळ फिरून माळावर गेला. पांढऱ्या अस्वलावरून जरा बोलाचाली झाली, कारण एकाच्या आत्याचा नवरा वारणानगरला डेअरीत कामाला होता आणि तिथल्या थंड खोलीत अस्वल सहज राहील असं त्याचं म्हणणं होतं. "मी आत जाऊन आलोय बाई. लई गार असतंय. वर दूधबी हाय." ज्याच्या घरचे दरवर्षी जोतिबाला जातात त्या पोरानं माकड उलटसुलट करून बघितलं आणि नापास केलं. "ह्याला गुलालच न्हाय." त्यानं डोंगरावर बघितलेल्या प्रत्येक माकडाच्या अंगावर कुठे ना कुठे गुलाल होता, त्यामुळे त्याचीही काही चूक नव्हती.

खरी अडचण आली ती सशाची. पुढच्या बाकावर एक मुलगी बसते. दोन लाल रिबिनी आणि घंटेसारखा आवाज. तिने ससा उचलला, पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं उलटली, परत पहिल्यापासून उलटली, आणि मला विचारलं, "बाई, ह्यात ऊस कुठं हाय?"

"उसाचं पान नाही त्यात," मी म्हटलं. "ससा माळावर लाव."

"माळावर कशाला? ससा उसात असतोय."

"पुस्तकात अधिवास दिलेत. ऊस म्हणजे शेत. तो काही अधिवास नाही."

"अधिवास म्हंजे?"

"प्राणी जिथे राहतो, खातो, पिल्लं वाढवतो ती जागा."

"मग ऊसच की," ती म्हणाली.

डी.एड.ला पाठ केलेल्या व्याख्येत ऊस चपखल बसत होता. तेवढ्यात बाकीच्यांना वाट मोकळी झाली. मुंगूस उसात, मोर उसात, साप उसात, कोल्हा उसात. एकीनं हत्ती उचलला. मी म्हटलं, आता हत्तीसुद्धा का? तर चंदगडकडे तिच्या मामाच्या उसात हत्ती येऊन गेला होता आणि मामी दोन दिवस घराबाहेर पडली नव्हती. गवाही गेला. शेवटी एकानं सिंहालाही उसात घालायचं ठरवलं, कारण माळावर तो लांबून दिसतो आणि उसात दिसणार नाही. तिथे मात्र मी हात आडवा घातला. काहीतरी शिस्त हवी.

घरी येताना मला एकटीलाच हसू येत होतं. पण ते अधिवासाचं बोलणं डोक्यातून जात नव्हतं. आमच्याकडे जंगल म्हणजे लांब, दाजीपूरच्या बाजूला. माळ होते ते पाणी आल्यावर ऊस झाले. मग माळावरच्या सशानं जायचं कुठे? तो उसात गेला. पुस्तक काढणाऱ्यांचा दोष नाही, त्यांना आमचं गाव माहीत नव्हतं. पण पोरांना माहीत होतं, आणि मी त्यांना सांगत होते की पान नाही म्हणून जागा नाही. मला ते आवडलं नाही. दुसऱ्या दिवशी जाताना मी हिरवा आणि खाकी कागद घेऊन गेले.

आम्ही उसाचं पान केलं आणि पुस्तकाच्या शेवटी जोडलं. खाली खाकी कागद, म्हणजे जमीन. वर हिरव्या कागदाच्या लांब पट्ट्या, एक पट्टी म्हणजे एक सरी. एका टोकाला निळा ओढा, त्याच्या काठाला करंज आणि झुडपं. दुसऱ्या टोकाला काळा डांबरी रस्ता आणि रस्त्याकडेची चर. हे असंच कुठलंतरी शेत नव्हतं, त्या रिबिनीवालीच्या घरचं शेत होतं, शाळेच्या खिडकीतून दिसणारं. प्राणी पोरांनी स्वतः काढले, जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर. सशाचा डावा कान फाटका काढला होता. मी विचारलं तर ती म्हणाली, "तसाच हाय तो. मी रोज बघतो. सकाळी बांधावर येऊन बसतोय." आमच्याकडच्या मुली 'बघतो', 'जातो' असंच बोलतात, त्यांना ते शोभतंही. मग ती हळू आवाजात म्हणाली, म्हणजे फक्त अर्ध्या शाळेला ऐकू जाईल अशा आवाजात, "त्याला पिल्लंबी असतील."

प्राणी चिकटवायला डिंक नव्हता. पोरांनी दुपारच्या खिचडीतली भाताची शितं आणली. दुसऱ्या दिवशी पानाला मुंग्या. मी शितांवर बंदी घातली आणि कोल्हापुरातून चिकटपट्टी आणली.

पान तयार झाल्यावर पोरांनी ऊसतोड सुरू केली. ती तर करणारच होती. ओढ्याच्या बाजूनं एकेक हिरवी पट्टी ओढून काढायची, की ससा पुढच्या पट्टीत, मोर पुढच्या पट्टीत. सगळे सरकत सरकत रस्त्याकडे. मी विचारलं, ओढ्याकडूनच का? तर तोडणी कामगारांची टोळी तिकडूनच लागते. त्या शेताची गाडीवाट ओढ्याच्या कडेनं आहे. रस्त्याच्या बाजूला चर असल्यामुळे ट्रॉली आत येत नाही. ट्रॉली जिथे उभी, तोड तिथून सुरू, म्हणजे मोळ्या लांब वाहाव्या लागत नाहीत. सगळं सरळ आहे.

शेवटची पट्टी उरली. तिच्यात ससा, मुंगूस, मोर असे सगळे दाटीवाटीनं. पोरांचे हात थांबले.

"आता?" मी विचारलं.

"आता कुत्री येत्यात," एकजण म्हणाला.

मला हे ऐकून माहीत होतं, पण पानावर बघितलं नव्हतं. तोड संपत आली, शेवटचा कोपरा राहिला की गावातले बापये आणि पोरं काठ्या घेऊन, कुत्री घेऊन त्याला गराडा घालतात. आतून ससा निघतोच. डांबरी रस्ता लागूनच, त्यामुळे जमायलाही सोपं. रात्री रस्सा. वर्षानुवर्षांची मजा आहे ती. कायद्यानं बंदी आहे म्हटलं तर कायदा काय उसात येतोय होय, असं उत्तर मिळतं. आणि मी कुठल्या तोंडानं उपदेश करू? रविवारी माझ्या घरी मटणाशिवाय चूल पेटत नाही.

दुसऱ्या दिवशी पानावर कुत्री आली, काठ्या आल्या. जे असतं ते लावायचं, हा नियम मीच केला होता. रिबिनीवालीनं एक माणूस काढून आणला. पांढरी टोपी, धोतर, हातात काठी, आणि मिशा एवढ्या की लग्नपत्रिकेच्या दोन्ही कडांना टेकलेल्या. त्याला तिने शेवटच्या कोपऱ्याजवळ, अगदी सशासमोर लावलं.

"हा कोण गं?"

"आज्जा."

ते तिला रोज शाळेतून न्यायला येत. सरळ अंगाचा, मोठ्या आवाजाचा माणूस. नातीवर इतका जीव की तिचं दप्तर स्वतःच्या खांद्याला अडकवून चालायचे. ते गुलाबी दप्तर आणि त्या मिशा, हे दृश्य मी कितीदा तरी बघितलं होतं. मला तिच्या चित्राची भीती वाटली. पण काढून टाक म्हणावं असंही वाटलं नाही, कारण ते रागानं काढलेलं चित्र नव्हतं. तिचा आज्जा तिथे असायचा, म्हणून तो तिथे होता.

त्याच आठवड्यात एकदा शाळा सुटायच्या आधीच ते आले. मी म्हटलं, आजोबा, बसा. ते लहानग्या बाकावर गुडघे हनुवटीला लावून बसले आणि समोर उघडं पडलेलं पुस्तक बघू लागले. आपलं शेत त्यांनी लगेच ओळखलं. खूश झाले. "ही आमची चर. ह्यो करंज." मग बोट सरकत सरकत कोपऱ्यापाशी आलं.

"ह्यो कोण?"

नात बाकाजवळ येऊन उभी राहिली.

"तू हायस," नात म्हणाली.

"मला ह्यात कशाला घातलं?"

"जो जिथं असतोय त्याला तिथं लावायचं. तू तिथं असतोस की."

त्यांनी ससा बघितला, फाटका कान बघितला. पुस्तक मिटलं नाही. उठले, दप्तर खांद्याला लावलं, आणि दोघं गेली. जाताना तिचा हात त्यांनी धरला नाही, तेवढं मी बघितलं.

दुसऱ्या दिवशी ती आली ती डोळे सुजवून. "आज्जा बोलत न्हाय." तिसऱ्या दिवशीही तेच. तिला कोडंच पडलं होतं की आपण खोटं काय काढलं. तिला ससाही हवा होता आणि आज्जाही हवा होता, आणि एका पोरीला हे दोन्ही हवं असण्यात काहीच जास्त नव्हतं. मला फार वाईट वाटलं. शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले.

आजोबा गोठ्यापुढे बसले होते. उठून खुर्ची दिली, आत चहा सांगितला. मी काय बोलावं ह्याची जुळवाजुळव करत होते, तोवर त्यांनीच विचारलं, "बाई, खरं सांगा. माझ्या मिशा एवढ्या मोठ्या हायत?"

"चित्रात थोड्या कमीच आल्यात," मी म्हणाले.

ते हसले. चहा आल्यावर बशीत ओतत म्हणाले, "गावात मला कोणबी कायबी म्हणू दे, मी ऐकून घेत न्हाय. पण पोरीनं कुत्र्यांच्या वळीत उभं केलं की वो मला."

"तिनं तुम्हाला वाईट म्हटलं नाही, आजोबा."

"त्येच तर. म्हटलं असतं तर भांडलो असतो."

मी उपदेश केला नाही. पुस्तक पिशवीत होतं, ते काढलं, पट्ट्या परत लावल्या आणि नातीला हाक मारली. तिने पट्ट्या काढायला सुरुवात केली, पण ह्या वेळी रस्त्याच्या बाजूनं. एकेक पट्टी गेली तसा ससा ओढ्याकडे सरकला. शेवटची पट्टी निघाली आणि तो करंजाखालच्या झुडपात गेला. तिथे ना रस्ता, ना कुत्री. हे तिचं तिनं शोधलं होतं, दोन दिवस तेच करत बसली होती.

"असं तोडायचं," ती म्हणाली. "एवढंच."

"एवढंच व्हय? ट्रॉली तुझा बाप उचलून घालणार चरीवरनं?"

आजोबा बोलत नव्हते त्यापेक्षा हे बरं होतं, निदान भांडण सुरू झालं. मी चहा संपवला आणि उठले. आजोबांनी होही म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मला वाटलं, आपण करून बघितलं, आता पुरे.

पुढच्या आठवड्यात टोळी गावात आली. मधल्या सुट्टीत पोरं खिडकीला लोंबकळली होती ती एकदम ओरडायला लागली. मी बघितलं तर आजोबा चरीत उतरले होते. मोठा सिमेंटचा पाइप आडवा टाकला होता आणि ते वर फावड्यानं माती ओढत होते. टोळीचा मुकादम काठावर उभा राहून हातवारे करत होता. त्याला ही नवी वाट नको होती. आजोबांचा आवाज शाळेपर्यंत येत होता. "ओढ्याच्या चिखलात गेल्या साली ट्रॉली रुतली, कुणी काढली? मी काढली. आता सरळ डांबरीला लागायचं. पोरीबिरीसाठी न्हाय हे, ट्रॉलीसाठी हाय." पोरीबिरीचं नाव मुकादमानं काढलेलंच नव्हतं.

त्या शेताच्या तोडीच्या शेवटच्या दिवशी मी परिसर भेट घेतली. वर्ग ओढ्यापलीकडच्या बांधावर नेला आणि सांगितलं, गप्प बसायचं. आमच्याकडच्या पोरांना गप्प बसवणं म्हणजे काय ते मी इथे सांगत नाही. त्यांनी तोंडावर हात ठेवले, तरी आतून आवाज येत होता. समोर तोड रस्त्याकडून पुढे सरकत होती. कोयत्यांचा आवाज, वाळल्या पाचटाचा आवाज, मध्येच कुणीतरी कुणाला घातलेली शिवी. ऊस कमी कमी होत ओढ्याच्या काठाला आला.

पलीकडे रस्त्यावर नेहमीची मंडळी जमली होती. काठ्या, कुत्री, दोन मोटारसायकली. आणि त्यांच्यासमोर, पाइपावरच्या नव्या मातीवर, आजोबा उभे. हातात तीच काठी. कुणी आत पाय टाकला की काठी आडवी. "पावणं, हितनं जायचं न्हाय. माझं शेत हाय." एकानं विचारलं, यंदा एकट्यालाच खायचाय काय? आजोबा म्हणाले, "व्हय, एकट्यालाच." मंडळी थोडा वेळ थांबली, बडबडली आणि गेली. कुत्री मात्र जायला तयार नव्हती, त्यांना ह्या नवीन पद्धतीचं काही कळेना.

आधी मुंगूस आलं, शेपटी ओढत, घाईत. मग लांडोरी निघाल्या, एकीमागे एक, चालतच, बाजाराला निघाल्यासारख्या. मग बराच वेळ काहीच नाही. रिबिनीवाली माझ्या हाताला धरून उभी होती. मीही मनात म्हणत होते, ये बाबा एकदाचा.

ससा आला. पाचटातून बाहेर येऊन थांबला, कान उभे केले. डावा कान फाटका. ओढ्यात पाणी घोटभरच होतं, त्यानं एका उडीत पार केलं आणि आमच्यापासून जरा अंतरावर झुडपात शिरला. एकही पोर ओरडलं नाही. मी शिकवायला लागल्यापासून मला एवढा अभिमान कशाचा वाटला नव्हता. पिल्लं होती की नव्हती ते आम्हाला दिसलं नाही. ती म्हणाली, "रात्री येतील." मी म्हणाले, येतील.

दुसऱ्या दिवशी आजोबा नातीला न्यायला आले ते दारात थांबले. टोपी काढली, परत घातली. "ते पुस्तक जरा बघू," म्हणाले.

पुस्तक उघडलं. बाकावर तसेच गुडघे वर करून बसले. लग्नपत्रिकेवरचा तो मिशावाला माणूस त्यांनी नखानं हळूच सोडवला. मिशा फाटू नयेत याची काळजी घेतली. मग त्याला उचलून पानाच्या दुसऱ्या टोकाला आणला, रस्त्याच्या कडेला, चरीवर, कुत्र्यांच्या समोर. सशाकडे पाठ करून लावावा अशी त्यांची इच्छा होती, पण चित्राला पाठ नव्हती, पाठीवर कुणाच्यातरी लग्नाचा मुहूर्त होता. मग नुसताच लावला. चिकटपट्टी जुनी झाली होती. माणूस दोनदा निसटून खाली पडला.

नात बाजूला उभी राहून सगळं तपासत होती. "पुढच्या सालीबी तिथंच थांबायचं हां," ती म्हणाली.

आजोबा माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, पक्कं चिकटंल असं काय हाय का? परत हलायला नको."

मी स्वतः उठले, खिचडीच्या पातेल्यापाशी गेले आणि बोटावर चार शितं घेऊन आले. त्यांनी ती अंगठ्यानं चुरून पाठीला लावली आणि चित्र दाबून धरलं, बराच वेळ, वाळेपर्यंत. नातीनं त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. दुसऱ्या दिवशी त्या पानाला मुंग्या लागल्या होत्या. मी त्या फुंकून घालवल्या आणि बंदीचं काही बोलले नाही.